फ्लेक्सवरचा माणूस

“हा फोटोतला गडी तुमच्याकडंच येतो काय ओ?”

आज सकाळी एक काकू भाजीची पिशवी घेऊन थेट आमच्या जिमच्या काउंटरवर. म्हटलं नाही काकू, फोटो नेटवरनं घेतलाय. “मग येणाऱ्यातल्या कुणाचा तरी लावा की. माझा गुडघा दुखतोय जिना चढताना, तसल्या माणसाचा.”

काय बोलणार!

जिमवाल्या सगळ्यांनाच माहितीय, सिक्स पॅक बघून जानेवारीत वर्षाची फी भरणारी पोरं होळीपर्यंत निम्मी गायब असतात, अन् टिकतात कोण तर डॉक्टरनं शुगर सांगितलेले, कंबरवाले, बाळंतपणानंतर येणाऱ्या ताई, आणि त्यांना आणतं कोण, तर शेजारीण. आमच्या कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमींनी कुठं डिस्काउंट लावला होता? (मी मात्र दर दिवाळीला लावतो, भाडं निघायला पाहिजे ना.)

काकूंना आठवडाभर फुकट या म्हटलंय. खुर्चीवरनं उठ-बस, एवढ्यापासनं सुरू. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, वजनं मग बघू.

पण बायकांची बॅच दुपारी तीनला ठेवली तर तुमच्या घरातलं कुणी येईल काय? खरं सांगा.