नडगी दुखते, गुडघा दुखतो: थांबायचं की पळत राहायचं?

पळणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा एकच धास्ती घेऊन: आता पळणं बंद होणार का? मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्षानुवर्षं स्वतः पळतेय, त्यामुळे ही धास्ती मला चांगलीच ठाऊक आहे. पण उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट पक्की करून घ्यायची असते. दुखणं हाडाचं आहे की नाही? हाडाचं असेल तर पळणं थांबवायचं, तिथे घासाघीस चालत नाही. गुडघ्याची वाटी, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), आयटी बँड (मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा) यांची रोजची दुखणी असतील तर मात्र महिनाभर पाय वर करून बसल्याने सहसा काही साधत नाही. त्यांना मोजूनमापून काम द्यावं लागतं.

नडगीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. मी विचारते, "कुठे दुखतं ते हाताने दाखवा." कुणी तळवा नडगीच्या आतल्या कडेवरून खाली घोट्याकडे फिरवतं, "हे असं सगळं" म्हणतं. निदान 5 सेंटिमीटरचा पट्टा दाबल्यावर दुखत असेल, पळायला लागल्यावर जास्त आणि अंग गरम झाल्यावर थोडं कमी होत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे पळण्याच्या ताणाने नडगीची कड दुखावणं. कुणाचं मात्र एकच बोट सरळ एका जागेवर जाऊन थांबतं. त्या जागी दाबलं की माणूस पाय मागे ओढून घेतो. असं दिसलं की मी पुढचे प्रश्न बदलते. रात्री ठणकतं का? नुसतं चालतानाही दुखतं का? एका पायावर उडी मारता येते का? हे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आलाय" एवढ्यावर पुन्हा पळायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. संशय दाट असेल तर एमआरआय करून घ्यावा.

अशीच एक मुलगी आली होती. हाफ मॅरेथॉनची तयारी जोरात, साधे शिन स्प्लिंट्स आहेत असं समजून रोज नडगीला फोम रोलर (स्नायू चोळायचा फोमचा दंडगोल) लावत होती. बोट एकाच जागी गेलं. मी तिला पाळीबद्दल विचारलं तेव्हा ती गोंधळली, नडगीचा आणि पाळीचा संबंध काय? पाळी कित्येक महिने आली नव्हती. पळण्याच्या मानाने खाणं फार कमी पडलं की शरीर काटकसर करायला लागतं. हार्मोन्स कमी होतात, हाडाची रोजची डागडुजी मागे पडते आणि पळण्याने पडणारे ओरखडे भरून निघत नाहीत. पुरुषांतही हे होतं, फक्त त्यांना पाळीसारखी उघड खूण मिळत नाही. एमआरआयमध्ये हाडाची इजा दिसली. तिचे उपचार पळणं थांबवण्यापासून सुरू झाले, पण खरं काम झालं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यासोबत. पळणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना आणि कोचना माझी कळकळीची विनंती आहे, पाळी थांबणं ही चांगल्या फिटनेसची खूण मानू नका.

नडगीच्या समोरच्या बाजूची चीर विशेष हट्टी असते. त्या बाजूवर प्रत्येक पावलाला ताण पडतो, त्यामुळे ती सहज जुळत नाही. ती थेट ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे.

शिन स्प्लिंट्स निघाले तर काम सोपं, पण चिकाटीचं. अंतर कमी करायचं. फार दुखत असेल तर थोडे दिवस सायकल किंवा पोहणं. आणि पोटरी ताकदवान करायची, त्यातही आतला सोलियस हा स्नायू. पळताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या 6 ते 8 पट जोर येतो. तो गुडघा वाकवून टाचा उचलल्यावर जास्त राबतो. गुडघे सरळ ठेवून केलेल्या काफ रेझने (टाचा उचलण्याच्या व्यायामाने) त्याचं भागत नाही, दोन्ही करावे लागतात.

आता अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं लंगडत टाकावी लागतात, मग सैल होतं, हे त्याचं ठरलेलं लक्षण. टाचेच्या वर 2 ते 6 सेंटिमीटरवर चिमटीत धरलं की दुखतं, कधी तिथे जाडसर लागतं. याच्या उपचाराची गोष्ट मला फार आवडते. होकान अल्फ्रेडसन हे स्वीडनमधले ऑर्थोपेडिक सर्जन. त्यांचाच अकिलीस दुखत होता आणि त्यांना ऑपरेशन हवं होतं, पण वरिष्ठांनी नकार दिला. टेंडन तुटला तर ऑपरेशन करावंच लागेल, म्हणून त्यांनी तो तोडायच्या हेतूने दुखत्या पायावर भरपूर वजन घ्यायला सुरुवात केली. टेंडन तुटला नाही, दुखणंच गेलं. पुढे 1998 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी खेळाडूंवर 12 आठवड्यांचा हाच व्यायाम करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही पायांनी वर जायचं, मग सगळं वजन दुखत्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, थोडा वाकवून 15 चे 3 सेट, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 वेळा. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. इतक्या वेळा करणं जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा, जड वजनाने, संथ लयीत केलेले काफ रेझही तितकेच चांगले ठरतात, आणि माझ्या अनुभवात ते लोक टिकवतात. मात्र दुखणं टाचेच्या हाडापाशीच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. या टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला मी ठाम विरोध करते, त्याने टेंडन तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्सनेही टेंडन दुखावू शकतो. अशी गोळी चालू असताना टाचेच्या वर दुखायला लागलं तर पळणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

गुडघ्याकडे वळताना आधी एक गैरसमज. "पळून पळून गुडघे झिजतील" हे प्रत्येक पळणाऱ्याने घरात ऐकलेलं असतं. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात हौशी पळणाऱ्यांमध्ये 3.5 टक्के आढळला आणि न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत तो 13.3 टक्के होता, हेही सांगायलाच हवं. पण आठवड्यातून तीन-चारदा पळणाऱ्याने गुडघ्याच्या भीतीने घरी बसू नये.

वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतं, जिना उतरताना कळ येते, बराच वेळ बसून उठलं की गुडघा आखडतो, हे रनर्स नी. इथे मांडीइतकंच कमरेच्या बाजूच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर काम करावं लागतं. गुडघा दुखत असताना मी कमरेचे व्यायाम देते तेव्हा लोकांना पटत नाही, पण पाय टेकल्यावर मांडी आत वळू न देणं हे त्याच स्नायूंचं काम. दुसरा उपाय लगेच करून बघता येतो: पावलं छोटी आणि जलद टाकणं. मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर 168 च्या आसपास न्या, वेग तोच ठेवून. प्रत्येक पावलाला वाटीवर येणारा भार कमी होतो. गुडघ्याला टेपिंग केल्याने (चिकटपट्टी लावल्याने) सुरुवातीला बरं वाटतं, पण व्यायाम करता यावेत एवढ्यापुरतंच ते वापरावं.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, दर वेळी साधारण त्याच अंतरावर दुखायला लागतं, ते आयटी बँडचं. हा पट्टा इतका चिवट आहे की फोम रोलरने तो लांबत नाही, आणि दुखऱ्या जागेवर रोलर दाबला तर तिथला आधीच चिडलेला भाग आणखी चिडतो. दुखणं सुरू होतं त्या अंतराच्या आधी थांबा, काही आठवडे उतार टाळा, कमरेची ताकद वाढवा.

या सगळ्यांत किती दुखणं चालवून घ्यायचं? 0 ते 10 मध्ये 3 पर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा जास्त नको. सकाळी वाढलेलं दिसलं तर कालचा डोस जास्त झाला, पुढच्या वेळी एक पायरी मागे. हा नियम हाडाच्या दुखण्याला लागू नाही, तिथे 0 म्हणजे 0. पेनकिलर घेऊन पळायला तर जाऊच नका. दुखणं झाकलं जातं आणि लांब पळताना अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो.

परत सुरू करताना आधी 30 मिनिटं भरभर चाला. ते न दुखता जमलं आणि दुखऱ्या पायावर थोड्या उड्या मारता आल्या की 1 मिनिट पळणं, 1 मिनिट चालणं, एक दिवसाआड. आधी अंतर वाढवा, वेग नंतर.

आणि काही वेळा फिजिओची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतही थांबू नका. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, पळताना लचकल्याचं आठवत नाही, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणात पडून राहिल्यावर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिला मालीश करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत. गुडघा मुरगळून तासाभरात टम्म फुगला, किंवा वाकलेला गुडघा अडकून सरळच होईना, तरीही डॉक्टरांकडे जायला उशीर नको.