खरूजसुद्धा आध्यात्मिक

'स्पिरिच्युअलिटी' आणि 'अध्यात्म' एकच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुद्रितशोधनाची कामं करतो म्हटल्यावर लोक ऱ्हस्व-दीर्घ विचारतील असं वाटतं. पण हल्ली जो तो विचारतो, "काका, स्पिरिच्युअलिटी म्हणजे अध्यात्मच ना?" परवा आमच्या दादरच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं. लग्नाचा बायोडेटा लिहीत होती. 'स्पिरिच्युअल, पण रिलिजस नाही' हे तिला मराठीत हवं होतं. माझा मजला येईपर्यंत एवढंच सांगून झालं, की 'अध्यात्मिक' नको, 'आध्यात्मिक' लिही. समाजाचं सामाजिक होतं, तसं.

उरलेलं आता सांगतो.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'स्पिरिटस' आहे, म्हणजे श्वास. आपल्या शब्दात अधि आणि आत्मन् : जे आपल्या ठायी आहे ते. आत्मन् म्हटलं की आपण लगेच डोळे मिटतो, पण उपनिषदांत 'अध्यात्म' बऱ्याचदा साध्या अर्थाने येतो. बाहेर देवतांच्या जगात एखादी गोष्ट कशी आहे ते 'अधिदैवत', आणि तीच आपल्या देहात कशी आहे ते 'अध्यात्म'. छांदोग्य उपनिषदात रैक्व नावाचा एक माणूस आहे. तो गाड्याखाली बसून खरूज खाजवतोय आणि दानशूर जानश्रुती त्याच्याकडे विद्या मागायला गेलाय. रैक्व त्याला सांगतो, बाहेर सगळं सामावून घेतो तो वायू आणि आत, म्हणजे अध्यात्म, तो प्राण. झोपेत वाणी, डोळे, कान, मन सगळं प्राणातच जातं. श्वासापाशी दोन्ही शब्द एकदा भेटतात ते असे.

रैक्वाची ती खरूजही मला विसरता येत नाही. कारण दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी तीन ताप सांगितलेत, त्यातला पहिला आध्यात्मिक. त्याच्या यादीत काय आहे? खरूज, नारू, देवी, गोवर! आपल्याच देहामनातून उठणारं दुखणं ते आध्यात्मिक. आज कुणी 'मला आध्यात्मिक त्रास आहे' म्हणालं, तर त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे कोण पाठवेल?

गीतेच्या आठव्या अध्यायात तर सरळ 'स्वभाव' हाच अध्यात्म म्हटलाय. (स्वभावाला औषध नाही, हे आमची आजी गीता न वाचताच म्हणायची.)

आता बोलण्यातलं बघा. 'ते अध्यात्मात आहेत' याचा मुंबईतला अर्थ, रविवारी फोन करू नका. एका बिल्डरच्या माहितीपत्रकात विसाव्या मजल्यावरच्या गच्चीला 'आध्यात्मिक वातावरण' होतं. मी ते 'निवांत' केलं, त्यांनी परत फिरवलं. उलट विरार लोकलमध्ये डब्याला टाळ-मृदंगाने जाग आणणाऱ्यांना विचारा, तुम्ही आध्यात्मिक का? ते म्हणतील, आमचं आपलं भजन. फार तर 'परमार्थ' म्हणतील, तोही प्रपंच सांभाळून.

तेव्हा त्या मुलीला मी शेवटी 'आध्यात्मिक' दिलाच नाही. 'पूजाअर्चा करत नाही, पण नास्तिकही नाही' असं लिहून दिलं. तिच्या आईने ते खोडून 'धार्मिक वृत्तीची' केलंय, असं काल लिफ्टमध्येच कळलं. शुद्धलेखन मात्र बरोबर होतं.