मोकळ्या पाणंदींचा धंदा: आमची वाटचाल

महाराष्ट्रात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. आमच्या सायकलफेऱ्यांच्या धंद्याचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरतं. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरच्या स्पीकरपुढे तुमच्या घंटीला कोण विचारतो. सायकलीसाठी सोलापूरची सर्वांत चांगली हवाही नेमकी याच महिन्यांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे पाहुणे येतात तेव्हाच उसाचा अर्धा जिल्हा आम्हाला बंद. उरला ज्वारीचा अर्धा. तो आमचा.

आम्ही ग्रॅव्हल सायकली भाड्याने देतो आणि सोबत जाऊन फिरवतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरमाचा कच्चा रस्ता. या सायकलीचं हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि हवा कमी, म्हणून दगडगोट्यांवर हात बधिर होत नाहीत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून अशा रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत होते. त्या शर्यतीचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, हा तर आपला बोरामणीकडचा माळ! सपाट, उघडा, झाड दूरवर एखादंच.

वडिलांचं सायकलचं दुकान सोलापूर शहराच्या पूर्व भागात होतं. तासावर सायकली भाड्याने, पंक्चर, ओव्हरहॉलिंग. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं, घरात तेलुगू बोलणारं, त्यामुळे भाड्याचा हिशेब मला तेलुगूतही करता यायचा. घरोघरी मोटारसायकली आल्या आणि भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. मी पुण्यात एका मोठ्या सायकल दुकानाच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली, तिथे गीअर आणि हायड्रॉलिक ब्रेक शिकलो आणि परत आलो. वडिलांनी गल्ला माझ्याकडे दिला, पण पंक्चरची पेटी काही दिली नाही. ती अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

कोरोनाच्या काळात सायकली हातोहात खपल्या. पण घेणारे चालवणार कुठे? पुण्याचा, हैदराबादचा, विजयपूरचा, सगळे हायवे चौपदरी आणि सुसाट. हौसेने घेतलेल्या महागड्या सायकली वर्षभरात गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी आल्या. सायकल विकून आपलं काम संपत नाही, ती चालवायला रस्ताही आपणच दाखवायला हवा, असं माझ्या बायकोचं म्हणणं. ती उत्तर सोलापूर तालुक्यातल्या खेड्यातली. पहिल्या पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा, तिच्या माहेरच्या. सासरे आधी हसले होते. "जावईबापू, ह्या वाटेनं आता बैलगाडीबी जाईना, आन तुम्ही पैसे घिऊन लोकास्नी नेताव?" पुढे तेच शिवारातल्या लोकांना फोन करून रस्त्याची खबर काढायला लागले.

ही खबर काढणं म्हणजेच आमचं खरं काम. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या तोंडावर पडतो. काळ्या रानातल्या पाणंदीत ओल असली की सायकल थोडं अंतर जाते, मग चाक आणि फोर्कच्या मधल्या जागेत चिखल गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाचा रस्ता मात्र सकाळच्या पावसानंतर दुपारपर्यंत चालवण्याजोगा होतो. दुकानातल्या नकाशावर आम्ही काळी आणि तांबडी अशी दोनच रंगांची रेघ ओढतो. पाऊस होऊन गेला की शेतकऱ्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "मामा, वापसा आला का?" वापसा म्हणजे पाणी निथळून रान पाय ठेवण्याजोगं होणं. पेरणीला वापसा आला असेल तर पाणंदीलाही आला. मोबाइलवरचं हवामान यातलं काही सांगत नाही.

कालव्याकडेच्या वाटांचं गणित वेगळं. उजनी धरणाच्या कालव्यांना आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की पाझर, पंपांचे पाइप आणि मोटारी चालू-बंद करायला येणाऱ्या गाड्यांनी भरावावरची वाट ओली आणि गजबजलेली होते. आवर्तन बंद असताना त्याच वाटेवर तास-दोन तास माणूस भेटत नाही. त्यामुळे पाण्याच्या पाळीची बातमी आमच्या घरात शेतकऱ्याइतकीच बारकाईने वाचली जाते.

आणि काटे. बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटे दिसत नाहीत, आणि एका टायरला दहा-दहा चिकटतात. ट्यूबचा टायर इथे चालतच नाही. आम्ही सगळे ट्यूबलेस ठेवतो, आत सीलंट, ते बारीक भोक आपोआप बुजवतं. पण डब्यावर लिहिलेली मुदत थंड देशांची. आमच्या उन्हात ते लवकर सुकतं आणि वेळेआधीच पुन्हा भरावं लागतं. चेनला तेलाऐवजी मेण लावतो, कारण तेलावर मुरमाची धूळ बसली की गीअरचे दाते घासले जातात. वडिलांना हे सगळं थोतांड वाटतं. बाभळीचा मोठा काटा टायरच्या कडेतून गेला आणि सीलंटने हात टेकले की मग टायरला आतून ठिगळ लावायला त्यांनाच बोलवावं लागतं. "एवढी लाखाची सायकल, आन ठिगळ माझंच लागतंय का बे?" असं म्हणत ते पेटी उघडतात.

नवख्यांसाठी हिप्परग्याची फेरी ठेवली आहे. त्याचं कागदोपत्री नाव एकरुख तलाव. तुळजापूर रस्त्यावर, ब्रिटिश काळात बांधलेला. वरच्या अंगाच्या गावांतून पाणंदींनी गेलं की पाणी कधी डावीकडे येतं, कधी लपतं. हिवाळ्यात बदकं असतात. होटगीकडची फेरी त्याहून छोटी. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव मला स्वतःला जास्त आवडतो, पण आजूबाजूला ऊस, त्यामुळे गाळप संपायच्या आत तिकडे न्यायचं धाडस करत नाही. आपल्याकडे नैसर्गिक सरोवरं नाहीत, सगळे बांधलेले तलाव, आणि म्हणून प्रत्येक तलावाच्या खाली बागायत, वर माळ. सायकल चालवायची ती वरच्या बाजूने. खालच्या बाजूला ट्रॅक्टर असतो.

नान्नजकडे नेताना आधीच सांगतो की माळढोक दिसेल ही आशा सोडून या. 1979 साली ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तो आता इथे दिसणं फार दुर्मीळ. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय आम्ही जात नाही, आणि गाडीवाट सोडून गवतात सायकल घालणाऱ्याची फेरी तिथेच संपते. गवताळ माळावरचे कितीतरी पक्षी जमिनीवर घरटं करतात, वरून चाक जातंय हे कळणारही नाही. या नियमावरून काही पाहुणे रुसले. रुसू देत.

उजनीच्या फुगवट्याची, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या काठाची, दोन दिवसांची फेरी सगळ्यांत जास्त विचारली जाते. रेल्वेने जेऊरपर्यंत, तिथून करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, कुगाव अशा काठच्या गावांनी. पाणी ओसरतं तसे लोक उघड्या पडलेल्या गाळात पिकं घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. उथळ पाण्यात फ्लेमिंगो उतरतात ते याच दिवसांत. पलीकडे इंदापूरच्या बाजूला बोटीत सायकली घालून न्या, अशी मागणी पुष्कळ येते. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून माणसं गेली. आम्ही बोट ठेवत नाही, आणि यावर घासाघीस करत नाही.

पैशाचं थोडक्यात. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तिने आमच्या भाड्याच्या धंद्याला हात दिला. त्या गाडीत सायकल आणणं जिकिरीचं, म्हणून मुंबई-पुण्याचे लोक हात हलवत येतात आणि सायकल आमची घेतात. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पण त्याच महिन्यात सीना नदीला महापूर आला. काठच्या गावांच्या घरादारात पाणी, जनावरं गेली, पिकं गेली, माती वाहून गेली. सीनाकाठच्या आमच्या फेऱ्या त्या हंगामापुरत्या नकाशावरून काढल्या. तिथल्या पाणंदी नीट करण्याआधी लोकांना घरं उभी करायची होती, त्यांच्यातून रंगीत हेल्मेटं घालून जाणं बरं दिसलं नसतं.

जेवण शेतकऱ्याच्या घरी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आणि पौषात हुरडा. त्याचे पैसे पाहुण्याने थेट त्या घरात द्यायचे, आमचा त्यात हिस्सा नाही. त्याचा फायदा असा की रस्त्यात कुणी तार ओढली, बांध कोरला, नवीन कुत्रं पाळलं, तरी आम्हाला फोन येतो.

रस्त्यांच्या जीपीएस फाइल आम्ही कुणाला देत नाही. पुण्याच्या एका ग्रुपने बरेच पैसे देऊ केले होते. पाणंद अनेकदा दोघांच्या बांधावरून, त्यांच्या तोंडी संमतीने चालू असते. पन्नास जणांचा ताफा तिथून गेला की दुसऱ्या दिवशी काटेरी फांद्या आडव्या पडतात, आणि त्या शेतकऱ्याचं चुकतं असं मला वाटत नाही. आम्ही एका वेळी जास्तीत जास्त आठ जण नेतो.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे, शहरातून निघणाऱ्या फेऱ्या बंद राहतील. जेऊरहून निघणारी फेरी चालू आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून सुटायची वेळ पहाटे साडेपाच, आणि दहाच्या आत परत. मार्च ते मे दुकान फक्त दुरुस्तीसाठी उघडं असतं.