सप्ताहाच्या काल्यासाठी रस्ता बंद करायचा, पण रस्ता कोणाचा? माझा अनुभव

काल्याच्या दिवशी मारोतीच्या देवळासमोरचा रस्ता बंद ठेवायची परवानगी मिळाली आणि पंगती रस्त्यावर निवांत बसल्या. पण त्याआधी एका प्रश्नावर जो वेळ वाया गेला, त्याचा राग अजून उतरलेला नाही. हा रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, एवढंच सांगायला कोणी तयार नव्हतं. म्हणून विदर्भातल्या खेड्यात सप्ताह, यात्रा किंवा शोभायात्रेसाठी रस्ता बंद करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

ग्रामपंचायतीचा ठराव अवघड नाही. मासिक सभेत विषय घ्या आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी ठेवा. मात्र ग्रामपंचायतीच्या ताब्यात गावठाणातल्या गल्ल्या असतात. ज्या रस्त्यावरून एसटी जाते तो रस्ता सहसा ग्रामपंचायतीचा नसतो, त्यामुळे नुसत्या ठरावावर मंडप टाकू नका.

खरी अडचण पुढे. साधारण नियम असा की ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तालुक्याला एकीकडे अर्ज दिला की ‘हा आमच्याकडे नाही’ म्हणतात, दुसरीकडे गेलं की पहिल्यांकडे बोट दाखवतात. कारण रस्त्याची दर्जोन्नती होते. ग्रामीण मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग होतो, एका कार्यालयाच्या यादीतून निघतो, दुसऱ्याच्या यादीत चढायला वेळ लागतो आणि फाट्यावरचा फलक जुनाच राहतो. गावकऱ्याने अर्जात फलकावरचा क्रमांक लिहिला की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि ‘संबंधित विभागाकडे अर्ज करावा’ असा शेरा घेऊन परत येतो. संबंधित कोण, ते त्या शेऱ्यात नसतं. सप्ताहाच्या पत्रिका छापून झालेल्या असतात, कीर्तनकारांची तारीख ठरलेली असते, आणि इथे एक माणूस रजिस्टर उघडून बघत नाही.

यावर उपाय गावातूनच सुरू होतो. किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्राम सडक योजनेतला ग्रामीण रस्ता. आमच्या फाट्यावरच्या दगडाचा काळा रंग एका कडेला पोपडे धरून निघाला होता आणि खाली नारिंगी दिसत होता. म्हणजे रस्ता आधी ग्रामीण होता आणि नंतर चढला. त्याचा जवळून फोटो काढला, दगडावरचा आकडा वाचता येईल असा, आणि अर्जाला जोडला. मागचे खड्डे कोणत्या खात्याच्या ठेकेदाराने बुजवले, हेही मजुरांना विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं. कार्यालयात गेल्यावर ‘रस्ते विकास योजना 2001-2021’ ची तालुक्याची यादी आणि त्यानंतरच्या दर्जोन्नतीची यादी, दोन्ही मागा. एकाच यादीवर विश्वास ठेवला की फसगत ठरलेली.

आणि सगळ्यात कामाला आलेली गोष्ट ही. परवानगी मागण्याच्या अर्जासोबत दोन ओळींचा वेगळा अर्ज द्या: ‘सदर रस्ता आपल्या अभिलेखात आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे.’ तोंडी ‘नाही’ म्हणायला काही लागत नाही, पण लेखी ‘नाही’वर सही करायची तर रजिस्टर उघडावंच लागतं. सोबत राज्याच्या 2005 च्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा उल्लेख करा. त्यात कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलं आहे. भांडायची गरज पडत नाही, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हातात असली की पुरे. तीच दोन ओळींची चिठ्ठी दिल्यावर आमचं काम हललं.

दुसरी गाठ ठाण्यात पडते. ठाणेदार आधी बांधकामची ना-हरकत मागतात, बांधकामवाले आधी पोलिसांचा अहवाल मागतात. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकाला दुसऱ्याची पोच जोडा. मग ‘पोलीस अहवालाच्या अधीन राहून’ अशी ना-हरकत निघू शकते. आणि ना-हरकत म्हणजे परवानगी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 चा आहे आणि तो आदेश वरून येतो. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापावं लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी करावी लागते. म्हणून दवंडी द्या आणि आदेशाची प्रत फाट्यावर लावा.

अर्जात ‘देवळाजवळचा रस्ता’ असं लिहू नका. मार्ग क्रमांक आणि साखळी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं किलोमीटर/मीटरमधलं अंतर, लिहा, उदाहरणार्थ ‘कि.मी. 4/300 ते 4/600’. मंडप आदल्या संध्याकाळी उभा राहतो आणि दुसऱ्या सकाळी निघतो, तेव्हा पूर्ण बंद किती वेळ आणि अर्धा अडलेला किती वेळ, हे वेगवेगळं मागा. नजरनकाशा हाताने काढला तरी चालतो. त्यात फाटे, रपटा (ओढ्यावरचा ठेंगणा पूल), अंतरं आणि रस्त्याची रुंदी हवी.

पर्यायी मार्ग दाखवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि आपल्याकडे तो बहुतेक पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, असतो. काळ्या मातीची पांदण एका सरीने चिखल होते, त्यामुळे मुरूम टाकलेली पांदणच दाखवा. कापसाच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर रुंद होतात. समोरासमोर आले तर कुठे थांबतील, ती जागा नकाशात खुणेने दाखवा. ‘रस्ता बंद’ची पाटी गावाच्या वेशीवर लावून उपयोग नाही. ती मागच्या फाट्यावर हवी, कारण वेशीवर आलेल्या ट्रकला वळायला जागा नसते. रात्रीसाठी रेडियम पट्टी लावलेले पिंप ठेवा. मंडपाच्या एका बाजूने रुग्णवाहिकेसाठी तीन मीटर मोकळे सोडा.

आगार व्यवस्थापकांना वेगळं पत्र द्या, मुक्कामी गाडी आणि मानव विकासची गाडी (शाळकरी मुलींसाठीची एसटी) यांच्या वेळा लिहून. मुलींची शाळा बुडली तर तक्रार होणारच, आणि ती रास्त असते. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती रस्त्याच्या आदेशात धरलेली नसते.

हमीपत्राचं राहिलंच. ते साध्या कागदावर चालतं की मुद्रांकावर, हे आधी विचारा, कारण ऑक्टोबर 2024 पासून 100 च्या जागी 500 चा मुद्रांक लागतो. हमीपत्रात डांबरात खड्डा न करण्याची अट असते. मंडपवाल्याला ते आधीच सांगा आणि बल्ल्या मुरूम भरलेल्या पिंपात उभ्या करायला लावा. कार्यक्रम झाल्यावर पत्रावळी उचलून रस्ता धुतल्याचे फोटो काढा आणि ‘रस्ता मोकळा केला’ असं पत्र त्याच कार्यालयात देऊन पोच घ्या. अनामत घेतली असेल तर ती परत मागताना हीच पोच लागते.