फुटणारी मुंगी

ब्रुनेईला जाऊन मुंग्या बघायच्या, हे बायकोला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. "त्या काय, आपल्या साखरेच्या डब्यातही आहेत," बातांग दुरीच्या धक्क्यावर लाइफ जॅकेट चढवताना ती म्हणाली. तिथून पुढे तेमुआई नावाच्या अरुंद, लांबलचक होडीतून तेंबुरोंग नदीने वर जायचं. पाणी कमी होतं. दोनदा तळ घासला, इबान जमातीचा नावाडी उतरून होडी ढकलू लागला, मग मीही पँट दुमडून उतरलो.

उलू तेंबुरोंग राष्ट्रीय उद्यानातल्या पायऱ्यांविषयी लिहीत नाही. हजाराच्या वर आहेत, एवढंच. त्या संपल्या की परांचीसारखे लोखंडी मनोरे, शिडीवर शिडी, आणि जवळपास ५० मीटरवर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा पूल. वारा आला की पायाखाली सगळं किंचित हलतं.

वरच्या या मजल्यावर राज्य मुंग्यांचं. तिकडे पेरू देशात, तांबोपाताच्या जंगलात, एकाच झाडावर ४३ जातींच्या मुंग्या सापडल्या होत्या. अख्ख्या ब्रिटनमध्ये साधारण तेवढ्याच असतात. मला मात्र रेलिंगवर पहिली भेटली ती ओळखीची निघाली. तांबूस, लांब तंगड्यांची, हात जवळ नेला की अंगावर येणारी. ओंबील! आजोळी आंब्यावर पानांचे गोळे करून राहते तीच, जातसुद्धा तीच. स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवते. लहानपणी कैऱ्या काढताना तिने मला किती वेळा खाली उतरवलंय!

"ती नाही, ही," वाटाड्याने मनोऱ्याला खेटलेल्या खोडाकडे बोट दाखवलं. तपकिरी, दिसायला अगदी सामान्य मुंग्यांची रांग. कोलोबॉप्सिस एक्सप्लोडेन्स. २०१८ साली हिचं बारसं झालं, तेही जवळच्याच क्वाला बेलालोंग संशोधन केंद्रातल्या नमुन्यांवरून. हिच्या जबड्याच्या ग्रंथी पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. शत्रू आवरेनासा झाला की ही पोट इतकं आवळते की ते फाटतं, आतला चिकट द्रव शत्रूवर पसरतो आणि ही मरते. हे काम लहान आकाराच्या कामकरी मुंग्यांचं. मोठ्या आकाराच्या कामकऱ्यांचं डोकं बुचासारखं असतं, त्या ते भोकाला लावून घराचं दार बंद करतात.

हात लावू नका, असं त्याने सांगितलं होतं. मी पेनाचं टोपण पुढे केलं. पहिलीने पोटाचं टोक माझ्याकडे वळवलं. दुसरी टोपणाला चावली आणि आवाज नाही, काही नाही, हळदीच्या डागासारखा पिवळा थेंब आणि त्यात अडकलेली ती. वाटाड्या एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

या द्रवाला 'करीसारखा' वास येतो असं वाचलं होतं. करी म्हणजे नक्की काय, गोडा मसाला की मालवणी, हे कोणी लिहीत नाही. बायकोने टोपण नाकाशी धरलं. "रिकामा झालेला मसाल्याचा डबा," ती म्हणाली.

उतरताना रेलिंगवर हात ठेवायच्या आधी आम्ही दोघंही नीट बघून घेत होतो.