तुम्ही विचारलंत म्हणून: थांबलेला हात पुन्हा कसा चालू लागला

"परत चित्र काढावंसं कसं वाटायला लागलं?" हा प्रश्न मला आजवर कितीतरी जणांनी विचारलाय. विचारणारे बहुतेक स्वतःच कुठेतरी अडकलेले असतात. कुणी लिहिणारं, कुणी गाणारं, कुणी माझ्यासारखं चित्रं काढणारं. मी दोन-तीन वाक्यांत काहीतरी सांगते, ते मान डोलावतात, आणि नंतर मला चुटपुट लागून राहते की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी इलस्ट्रेशनचं काम करते. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांतली चित्रं, मुलांच्या गोष्टींची पानं. चौदा वर्षं हे काम सलग चाललं होतं. शेवटच्या वर्षी माझ्या टेबलावर एकाच वेळी चार पुस्तकं होती आणि चारही जणांना "तुमच्या त्या नेहमीच्या शैलीत" हवं होतं. एके दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा कागद बोर्डावर टेपने चिकटवला, भांड्यात पाणी भरलं, ट्यूबमधून रंग काढले आणि बसले. दुपारी उठले तेव्हा पॅलेटवरचे रंग सुकून गेले होते आणि भांड्यातलं पाणी जसंच्या तसं स्वच्छ होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

हातातली कामं जुन्याच आकृत्या फिरवून कशीबशी उरकली. नवीन घेतली नाहीत. त्यानंतर जवळजवळ नऊ महिने मी एक रेघ ओढली नाही.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात हे माहीत होतं, पण तो शब्द मी नुसत्या थकव्यासाठी वापरत होते. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर पहिल्यांदा शास्त्रीय लेख लिहिला. एका मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी माणसं हळूहळू कशी विझत जातात, हे तो पाहत होता, आणि स्वतःही त्यातून गेला होता. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याचे तीन पदर वेगळे करून दाखवले. एक थकवा. दुसरा, कामाविषयी आलेला कोरडेपणा, कडवटपणा. तिसरा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आजारांची नवी यादी मंजूर करताना बर्नआउटची मांडणी साधारण अशीच केली. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं.

हे वाचलं आणि माझं कोडं निम्मं सुटलं. मी सुट्टी घेतली होती, पोटभर झोपले होते, अंग हलकं झालं होतं. पहिला पदर सुटला होता. पण दुसरा तसाच घट्ट होता, कारण तो झोपेने सुटणारा नाही. "थोडी विश्रांती घे, आपोआप सुचेल" असं मला सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं. विश्रांती हवीच, तिच्याशिवाय पुढचं काही होत नाही. पण विश्रांतीनंतर मी नुसती ताजीतवानी होऊन रिकामी बसले.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती राहून जायला नको. चित्रच काय, जेवण, माणसं, सकाळ, यांतलं काहीच दोन-दोन आठवडे नकोसं वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा माझा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

आता दुसऱ्या पदराकडे. चित्राची ओढ गेली कुठे? याचं उत्तर शोधताना मला लहान मुलांवरचा एक प्रयोग सापडला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तो प्रसिद्ध केला. बालवर्गातली तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळेत तेच स्केचपेन पुन्हा समोर ठेवले. बक्षिसाचं आधी ठरवून चित्र काढलेली मुलं इतरांच्या निम्म्याइतकाच वेळ त्या पेनांशी रमली. मला त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते हे, की प्रयोगाच्या वेळी त्यांनी काढलेली चित्रंही दर्जाने उतरलेली होती.

पैसे वाईट, असं मी यातून मुळीच काढत नाही. चित्रांवर माझं घर चालतं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या लक्षात आलं की चौदा वर्षांत माझी प्रत्येक रेघ उमटायच्या आधीच तिला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. कुणाला दाखवायची, कोण काय म्हणेल, किती करेक्शन येतील, हे सगळं पेन्सिल टेकवण्याआधी डोक्यात हजर असायचं. कुणासाठीच नसलेली अशी एकही रेघ माझ्याकडे उरली नव्हती.

त्या काळात मी बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. महागडे ब्रश घेतले. एक कोर्स लावला, अर्धा सोडला. रोज तासन्‌तास फोनवर दुसऱ्यांची चित्रं पाहिली, आणि त्याने मी अधिकच मिटत गेले. हे शेवटचं तर करूच नका, निदान पहिले काही महिने. त्यापेक्षा मला आधार दिला तो दोन चित्रकारांनी. ॲग्नेस मार्टिन १९६७ मध्ये न्यूयॉर्क सोडून गेल्या, आपलं सामान देऊन टाकलं आणि त्यानंतर काही वर्षं त्यांनी रंगकाम केलं नाही. १९७४च्या सुमारास त्या परत रंगवायला लागल्या आणि पुढे म्हातारपणापर्यंत रंगवत राहिल्या. दुसरे फिलिप गस्टन. अमूर्त चित्रांसाठी नावाजलेला हा माणूस साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रंगवायचा थांबला आणि नुसती रेखाटनं करत बसला. त्यांतल्या काही कागदांवर फक्त एक रेघ आहे. काहींवर दोन. मग तो समोरच्या वस्तू काढायला लागला. पुस्तक, बूट, दिव्याचा बल्ब. त्या एका रेघेच्या कागदांकडे मी फार वेळ बघत बसायचे. इतक्या मोठ्या चित्रकाराला एका रेघेपासून सुरुवात करावी लागते, तर मी कशाला लाजायचं?

माझी सुरुवात एका शर्टापासून झाली. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, दिवसभर वापरलेला, साधा सुती शर्ट. हाताशी बॉलपेन होतं आणि एक जुना लिफाफा होता. शिकत असताना आम्हाला एक सराव करायला लावायचे, तो आठवला. ब्लाइंड कॉन्टूर म्हणतात त्याला. कागदाकडे अजिबात बघायचं नाही. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची आणि मुंगी चालावी तशी सावकाश पुढे न्यायची. पेनही त्याच चालीने कागदावर सरकवायचं.

मी कॉलरपासून निघाले. खांद्याच्या शिवणीवरून बाहीत उतरले. कोपराशी पोचले आणि तिथेच थांबले. दिवसभर हात दुमडून कोपरात कापड गोळा झालं होतं. एकाच जागेतून चार-पाच चुण्या निघत होत्या, तिथे खोल आणि धारदार, पुढे जाताना उथळ. त्यांतली एक चुणी मी शेवटपर्यंत जाऊन पाहिली, तर तिला शेवट सापडेना. ती विरत विरत सपाट कापड होऊन गेली होती. नेमकं कुठे चुणी संपली आणि कापड सुरू झालं, हे मला सांगता येईना. बाहीच्या टोकाचं बटण दोनच धाग्यांवर लोंबकळत होतं आणि त्याची सावली बटणाहून मोठी पडली होती.

कागदाकडे पाहिलं तेव्हा बाही लिफाफ्याच्या बाहेर निघून गेली होती आणि कॉलर पाठीला चिकटली होती. शर्ट म्हणून ते कुणी ओळखलं नसतं. पण कोपराच्या त्या चुण्या जिवंत होत्या. मी चाळीस मिनिटं एका जागी बसले होते.

चौदा वर्षांत मी शेकडो शर्ट काढले असतील. त्यांतला एकही बघून काढलेला नव्हता. माझ्या हाताला शर्ट पाठ होता. कोपराला तीन रेघा, कमरेला दोन, झालं. तसंच झाड पाठ, तसंच हसणारं मूल पाठ. सुचणं आतून येतं असं आपण म्हणतो, आणि मी वर्षानुवर्षं आतूनच उपसत राहिले. आत काही जाऊ मात्र दिलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मला जे सांगायचं असतं आणि घाईत राहून जातं, ते हेच. काय काढू, हा प्रश्न सोडा आणि एखादी वस्तू नीट बघा. कागदाकडे न बघण्यात एक मोठी सोय आहे. चित्र चांगलं चाललंय की वाईट, हे कळायला मार्गच राहत नाही, त्यामुळे डोक्यातला परीक्षक गप्प बसतो आणि डोळ्यांना मोकळीक मिळते.

त्यानंतर तीन महिने मी रोज एक रेखाटन केलं. दहा मिनिटं, कधी पंधरा. पेनानेच, म्हणजे खोडायचा प्रश्न नाही. कुणाला दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही. वही घरातल्यांनीही उघडायची नाही, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. बरेच दिवस कंटाळवाणे गेले. मधले अकरा दिवस वही उघडलीच नाही, आणि बाराव्या दिवशी मागचं भरून काढायच्या भानगडीत न पडता एकच चित्र काढलं. हे मुद्दाम सांगते, कारण खाडा झाला की आपण सगळंच सोडून देतो.

रंगांकडे मी उशिरा वळले, आणि दोनच ट्यूब घेऊन. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. हे दोन मिसळले की करडे रंग मिळतात, निळा जास्त पडला तर थंड, तांबूस जास्त पडला तर उबदार, आणि दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गोळा होतात. खरखरीत कागदावर ओला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, दिला की पाणी सुकत असताना ते कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सपाट वाटणाऱ्या करड्यातून निळे ठिपके वर येतात. ते होताना मी नुसती बघत बसायचे, ब्रश खाली ठेवून. त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. चित्रकला शिकायला लागले तेव्हा ज्या गोष्टीने मला धरून ठेवलं होतं, ती हीच होती, हे मी पार विसरले होते.

चालण्याचाही उपयोग झाला. स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात, बसलेल्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या, भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानासुद्धा. एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना मात्र त्याने फायदा झाला नाही. मी फोन घरी ठेवून निघते, एवढंच.

मग कामं परत घेतली. आता एका वेळी दोनच पुस्तकं, आणि करेक्शन किती वेळा, ते आधीच ठरवून. पहिला अर्धा तास वहीचा, मग बाकीचं. कामं कमी करणं प्रत्येकाला परवडत नाही हे मला कळतं, मलाही ते जड गेलं. पण ती दहा मिनिटं काम न थांबवताही काढता येतात, आणि मला वाटतं ती मी आधीपासून काढली असती तर ते नऊ महिने आलेच नसते.

"मग आता पूर्वीसारखं झालं का?" असं परवा एकीने विचारलं. नाही, तसं झालं नाही. अजूनही एखाद्या दिवशी भांड्यातलं पाणी स्वच्छच राहतं. त्या दिवशी मी टेबलावरून उठते आणि पेन घेऊन जे समोर असेल त्याच्यापुढे बसते. आज दाराच्या कडीला लटकवलेली छत्री होती. तिचा पट्टा नीट गुंडाळलेला नव्हता, आणि जिथे तो सैल पडला होता तिथे कापड एका काडीवरून घसरून दुसरीखाली शिरलं होतं. ती घडी मी तीनदा काढली. अजून ती नेमकी कशी वळते ते माझ्या लक्षात आलेलं नाही. छत्री तिथून हलवू नका, असं घरात सांगून ठेवलंय.