मलबारच्या कातळावरून

काल सकाळी मावशीबरोबर गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले होते. आखाड चालू, म्हणजे गर्दी असणारच. पण १ जून ते ३१ जुलै कोकणातल्या यांत्रिक बोटी बंदीमुळे किनाऱ्यावर असतात, त्यामुळे टोपल्यांत समुद्रापेक्षा नदीच जास्त. आंध्रातून आलेले रहू, कतला, थोडी खाडीची मासळी. मावशीने कल्ले उघडून बघितले, बोटाने दाबून बघितलं, नाक मुरडलं आणि दोन टोपल्या ओलांडून तिसरीकडे गेली. ती मूळची गुहागरची. लग्न होऊन पुण्याला आली त्याला ४५ वर्षं झाली, पण मासे घेताना ती अजून गुहागरचीच असते.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "तू म्हणे तिकडे स्वतः मासे गरवतेस. कातळावर उभी राहून. खरं का?"

खरं. आणि कालची अख्खी दुपार मी तेच सांगत बसले होते. तेच इथे लिहिते आहे.

सिडनीच्या आग्नेय किनाऱ्याला मलबार नावाचं उपनगर आहे. नाव आपल्याकडचंच. १९३१ साली मलबार नावाचं जहाज तिथल्या खडकांवर आपटून फुटलं, त्यावरून ते पडलं. मी तिथून जवळच राहते. पहिल्या वर्षी मी फक्त फिरायला जायचे. वालुकाश्माचे सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे कातळ थेट खोल पाण्यात उतरतात आणि त्यांच्यावर रविवारी पहाटेपासून माणसं लांब रॉड घेऊन उभी असतात. त्यांच्यातच आमच्या शेजारचे आजोबा दिसले. मूळचे ग्रीक, ऐंशीच्या घरातले. त्यांनी मला बोलावून शेजारी उभं केलं, आणि मी अडकले.

मासे धरण्याचा माझा आधीचा अनुभव शून्य. खडकवासल्याच्या पाण्याकडेला कणसं खाल्ली आहेत, तेवढंच. सोबत होता तो मावशीने लहानपणी शिकवलेला एक हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. कोकणात घड्याळ नसलेली माणसंसुद्धा यावर होडी काढायची. माझा या हिशोबावर पूर्ण विश्वास होता.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला मी पहिल्यांदा एकटी गेले. सकाळचे पावणेआठ. भरती सव्वाअकराला, म्हणजे आत्ता पाणी अजून खालीच असणार, असं धरून मी अगदी कडेच्या पायरीवर उतरले. पाच-सात मिनिटं शांत गेली. मग एक लाट आली, ती मांडीपर्यंत. मला आठवतो तो तिचा जोर. पाणी येताना ढकलतं हे मला माहीत होतं, पण जाताना ते पायाखालून असं ओढतं याची कल्पना नव्हती. बादली, आमिषाचा डबा, टॉवेल, सगळं गेलं. वरून कुणीतरी ओरडलं. मी हातापायांवर वरच्या पायरीवर आले आणि गुडघे सोलवटलेले तशीच बसून राहिले. त्या दिवशी घरी कोणाला फोन केला नाही.

नंतर भरती-ओहोटीचा तक्ता काढून बघितला. सिडनीत पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण आठ-साडेआठला असते. मावशीचा हिशोब चुकीचा नव्हता, तो कोकणच्या किनाऱ्याचा होता. भरतीचं पाणी कुठल्या किनाऱ्याला कधी पोचणार, हे त्या समुद्राच्या आकारावर आणि खोलीवर ठरतं. त्यातून पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. मी बरोबर नको त्या वेळी नको त्या पायरीवर उभी होते.

आजोबा रागावले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी मला रॉड हातात घेऊ दिला नाही. वरच्या कातळावर बसवलं आणि अर्धा तास नुसता समुद्र बघायला लावला. मला वाटलं, शिक्षा आहे. पण ते स्वतःही शेजारी बसून बघत होते, आणि पन्नास वर्षं ते रोज हेच करत आले आहेत. लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा मिनिटं लहान लहान येतात, माणूस निवांत होतो, आणि मग तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात. ती मोठी फळी बघेपर्यंत खाली उतरायचं नाही. दुसरं, कातळ ओला दिसला की तिथे लाट येऊन गेली आहे, आणि परत येणार आहे. ऊन पडलेलं असताना ओला राहिलेला कातळ म्हणजे तर ती नुकतीच येऊन गेली आहे. काळं-हिरवं शेवाळ असेल तिथे पाय ठेवायचा नाही. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही, गळाला आमिष लावतानासुद्धा नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, दर वर्षी कातळांवरून माणसं वाहून जातात, आणि त्यांत बाहेरच्या देशांतून आलेली बरीच असतात. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आम्ही येतो, समुद्र सुंदर दिसतो, त्याची भाषा येत नाही. २०१६ मध्ये तिथे कायदा झाला, आणि ठरवून दिलेल्या किनाऱ्यांवर कातळावरून मासे धरताना लाइफ जॅकेट सक्तीचं केलं. आमचा किनारा त्यात येतो. काही ठिकाणी खांबांना गोल तरंगती कडी लावलेली असते, कुणी पडलं तर फेकायला. पडलं तर काय करायचं हेही आजोबांनी माझ्याकडून घोकून घेतलं: लगेच कातळाकडे यायचं नाही, लाट आपटून मारते. उलट कातळापासून लांब पोहायचं, तरंगत राहायचं, मदतीची वाट बघायची. दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि शून्य-शून्य-शून्यला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करायचा. मावशी हे ऐकताना कोथिंबीर निवडायची थांबली होती.

मग मासा. तिथे ल्युडरिक नावाचा मासा आहे, राखाडी-तपकिरी, अंगावर काळे उभे पट्टे. तो मुख्यतः शेवाळ खातो. म्हणजे आमिष म्हणून कोळंबी लागत नाही, कातळावरचं हिरवं शेवाळ ओरबाडायचं आणि बारीक गळाला वेणीसारखं गुंडाळायचं. वाळूत थोडं शेवाळ चुरून पाण्यात टाकायचं, की मासे जमतात. दोरीला लांबट फ्लोट आणि खाली शिसं, इतकं नेमकं की फ्लोटचं टोकच पाण्यावर दिसलं पाहिजे. ल्युडरिक हिसका देत नाही. फ्लोट अगदी सावकाश बुडतो, एखाद्याने वरून बोटाने दाबावा तसा. आणि तेव्हा हात आवरायचा. एक, दोन, तीन मोजायचं, मग रॉड उचलायचा. माझे पहिले कितीतरी मासे मी या तीन आकड्यांत घालवले.

पाचव्या शनिवारी एक लागला. रॉड वाकला तेव्हा छातीत काय झालं ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. वर काढला, पट्टीवर ठेवला, २४ सेंटिमीटर. तिथे ल्युडरिक २७ च्या खाली ठेवता येत नाही. हात ओला करून धरला, गळ काढला, पाण्यात सोडला. आजोबांनी टाळी वाजवली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ३१ सेंटिमीटरचा मिळाला. लगेच रक्त काढून टाकायचं आणि पोटातलं काळं अस्तर खरवडायचं, नाहीतर उग्र लागतो. मी तो कोकमाचं आगळ, हळद, मीठ लावून तव्यावर केला आणि अर्धा आजोबांकडे पोचवला. त्यांनी वर लिंबू पिळलं आणि आगळाबद्दल बरंच काही विचारलं. आता त्यांच्या घरात माझी एक बाटली असते.

मासे धरायला तिथे सरकारला शुल्क भरावं लागतं, पावती जवळ ठेवावी लागते. मला ते आवडतं. कातळावर कुणी प्लास्टिक टाकलेलं दिसलं तर मी आता हक्काने बोलते.

रात्री जेवणं झाल्यावर मावशी कालनिर्णय घेऊन आली. चष्मा लावला.

"तर तुझ्याकडे पौर्णिमेला सव्वाआठ धरायचे?"

"साधारण. उन्हाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा सव्वानऊ."

"म्हणजे पाऊणपट करून तीन तास वजा." तिने बोटांवर अष्टमी मोजली. "अष्टमीला तीन. बरोबर?"

मी मोबाइलवर तक्ता उघडून अष्टमी बघितली. थोडा फरक होता, पण जवळपास तेवढेच. तिने कालनिर्णयाच्या कडेला पेन्सिलने "सिडनी, तीन वजा" लिहिलं आणि म्हणाली, "मोठी लाट बघितल्याशिवाय उतरू नकोस हं."